पिलांच्या पेटीला थर्मोस्टॅट कोणता घ्यावा?

पावसाळा सरता सरता डिचोलीकडच्या एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. नाताळासाठी पन्नास ब्रॉयलर पिले आणण्याचा त्यांचा विचार आहे. मागच्या खेपेस साध्या बल्बवर ऊब दिली, तेव्हा काही पिले पहाटे गारठून गेली आणि काही भर दुपारी धापा टाकून मेली. "यंदा थर्मोस्टॅट बसवावा असे धाकट्या दिरांचे म्हणणे आहे," असे त्या लिहितात, "पण दुकानात चार तऱ्हेचे दाखवतात. कोणता घ्यावा ते कळत नाही." पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे. त्यांच्या थोरल्या मुलाला शेताच्या बांधावर एक काळे कासव मिळाले आहे. पिले मोठी झाली की तीच पेटी कासवाला वापरली तर चालेल काय, आणि त्याला किती अंश ऊब लावावी, असे मुलाचे विचारणे आहे.

दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून दोहोंची उत्तरे येथे एकत्र देतो. पेडण्याच्या व डिचोलीच्या बाजूला हल्ली बरीच कुटुंबे घरापुरती कोंबडी पाळू लागली आहेत, तेव्हा इतरांनाही याचा उपयोग व्हावा.

अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू आणि कासव यांच्यात एक साम्य आहे. दोघांच्याही अंगात स्वतःची शेगडी नसते. मोठ्या कोंबडीचे अंग थंडीत व उन्हात सारखेच, सुमारे ४१ अंश सेल्सिअस, राहते. पिलाच्या अंगात ही शक्ती यायला दोनेक आठवडे लागतात. तोवर बाहेर जेवढी ऊब तेवढीच त्याच्या अंगात. कासव, सरडा, साप यांना तर ती शक्ती जन्मभर येत नाही. ऊन हवे असले की ते उन्हात येतात, नको झाले की सावलीत जातात. पेटीत कोंडलेल्या जिवाला मात्र उठून जाता येत नाही. त्याला किती ऊब मिळेल ते आपण ठरवतो, आणि आपण झोपलो की थर्मोस्टॅट ठरवतो.

थर्मोस्टॅट म्हणजे विजेच्या वाटेवर बसवलेला पहारेकरी. पेटी ठरलेल्या अंशापर्यंत तापली की तो वीज तोडतो, निवली की पुन्हा जोडतो. ही वस्तू आपल्याला नवी वाटते, पण तिचा जन्मच मुळी पिलांसाठी झाला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच कारागिराने अंडी उबवण्याची एक भट्टी केली होती. तीत मद्यार्क व पारा तापून फुगला की भट्टीचे झडप आपोआप मिटे, निवला की उघडे. तेव्हा वीज नव्हती, पण तत्त्व हेच होते. आणि त्याच्याही आधीपासून खुडूक कोंबडी हेच काम करीत आली आहे. पोटाखाली हात घालून पाहिला तर कळते. अंडी ती चोचीने फिरवते, गरम झाले की जराशी उठून बसते. ज्यांच्या घरी दहाबारा गावठी पिलेच काढायची आहेत त्यांनी थर्मोस्टॅटच्या भानगडीत पडूच नये, खुडूक कोंबडी पुरे. पन्नास पिले विकत आणली म्हणजे मात्र कोंबडीची जागा पेटीला घ्यावी लागते.

आता मूळ हिशेब पाहू, कारण तो न करता दुकानात गेलेला माणूस फसतो. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश ऊब लागते. जुन्या पुस्तिकांत हाच आकडा ९५ फॅरनहाइट असा दिलेला असतो. दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६, असे आठवड्याला तीन अंश उतरवत जायचे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा वीस अंशांच्या आसपास येते, डिचोलीच्या डोंगरकडेला त्याहूनही खाली. म्हणजे पहाटे पेटीला पंधरा अंशांची भर घालावी लागते. त्याच दिवशी दुपारी हवा ३२-३३ अंशांवर जाते. तेव्हा भर हवी फक्त दोन अंशांची, आणि पत्र्याच्या छपराखाली असेल तर तीही नको. पहाटेला पुरेल एवढा बल्ब दुपारी चालू राहिला तर पिले भाजतात. दुपारला सोसेल एवढा बल्ब लावला तर पहाटे गारठतात. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरी झाले ते हेच. त्यात त्यांच्या निगराणीची चूक नव्हती. एकाच जोराच्या बल्बाने हे दोन्ही साधणे शक्यच नव्हते.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. थर्मोस्टॅट ऊब थांबवू शकतो, गारवा देऊ शकत नाही. छप्पर पत्र्याचे असेल तर त्यावर माडाची चुडती अंथरावी, त्यानंतर थर्मोस्टॅटचे बघावे.

आम्ही स्वतः एकदा या बाबतीत चांगलेच पोळलो. नोव्हेंबरात साठ पिले आणली होती. आकडे दाखवणारा, चांगल्यापैकी थर्मोस्टॅट लावला होता. त्याचा सेन्सर, म्हणजे वायरीच्या टोकाशी असलेली हरभऱ्याएवढी घुंडी, पेटीच्या कडेवरून आत नुसती सोडली होती. रात्री कधीतरी उंदराने म्हणा वा मांजराने म्हणा, ती वायर ओढली आणि घुंडी पेटीच्या बाहेर भिंतीला लागून लोंबकळत राहिली. बाहेर हवा २२ अंश. थर्मोस्टॅटने पाहिले, २२ आहे, ३५ हवे, त्याने हीटर चालू ठेवला. पहाटेपर्यंत चालूच ठेवला. सकाळी पाहतो तो पिले पेटीच्या चारी कडांना चिकटलेली, पंख सोडलेले, चोची उघड्या. एकोणीस मेली होती, आणखी सहा त्या दिवसात गेली. थर्मोस्टॅटवर तेव्हाही २२ हाच आकडा शांतपणे दिसत होता. तो बिघडलेला नव्हता. त्याला सांगितले होते तेच त्याने केले.

तेव्हापासून थर्मोस्टॅट निवडताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो, आणि आपणही तोच विचारावा: हा बिघडला, किंवा याला चुकीची खबर मिळाली, तर हीटर बंद पडेल की चालू राहील? बंद पडला तर पिले गारठतात, कलकलाट करतात, घरातले कोणी तरी उठते. चालू राहिला तर पिले भाजतात, आणि गादीवर तूस कोरडे असेल तर आगही लागते. किमतीचा व दिसण्याचा विचार त्यानंतर.

या कसोटीवर दुकानातले चार प्रकार असे उतरतात.

पहिला म्हणजे दोन धातूंच्या पट्टीचा, इस्त्रीत असतो तसला. एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते व वीज तुटते. स्वस्त आहे, दणकट आहे. पण पट्टी वाकून परत सरळ व्हायला बरेच अंश जावे लागतात, त्यामुळे पेटी वरखाली होत राहते. आणि जुन्या इस्त्रीतला काढून पेटीला लावण्याची जी युक्ती काही जण करतात ती तर अगदीच नको. इस्त्रीचा नियामक ३५ अंशांवर काम करण्यासाठी बनवलेलाच नसतो. गीझरच्या थर्मोस्टॅटचीही तीच गोष्ट.

दुसरा कॅप्सूलचा. पातळ पत्र्याच्या चपट्या डबीत ईथर भरलेले असते, ते तापून डबी फुगते आणि बटण दाबते. अंडी उबवण्याच्या जुन्या यंत्रांत हाच असे आणि काम अगदी नाजूक करी. दोष एकच, पण मोठा. डबीला बारीकशी भेग पडून ईथर उडून गेले की ती कधीच फुगत नाही, म्हणजे बटण कधीच दाबले जात नाही, म्हणजे हीटर चालूच. ज्यांच्याकडे असे जुने यंत्र अजून चालू आहे त्यांनी दुसरी डबी हाताशी ठेवावी आणि दर खेपेपूर्वी जुनी कोमट पाण्याच्या वाफेवर धरून फुगते की नाही ते पाहावे.

तिसरा आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक. आज बाजारात हाच सर्वांत जास्त मिळतो, आणि पन्नास-शंभर पिलांच्या पेटीला आम्ही हाच घ्यायला सांगू. मात्र डोळे उघडे ठेवून. दुकानातच जोडून मागावा. घुंडी मुठीत धरली की आकडा चढला पाहिजे आणि ठरलेल्या अंशाला आत टक् असा आवाज आला पाहिजे. मग घुंडीची वायर थर्मोस्टॅटपासून सोडवायला सांगावे. चांगला असेल तो लगेच काही तरी चूकदर्शक अक्षरे दाखवतो व हीटरची वीज तोडतो. वायर सोडवल्यावरही वीज चालू ठेवणारा थर्मोस्टॅट फुकट दिला तरी घेऊ नये. दुकानदार कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जावे.

या प्रकारात आणखी एक खाच आहे. असली बरीच यंत्रे तापवणे व गार करणे अशा दोन्ही कामांसाठी केलेली असतात. शीतपेटीलाही तीच लावतात. मांडणी चुकून गार करण्याची राहिली तर पेटी तापल्यावर हीटर चालू होतो आणि निवल्यावर बंद होतो. सगळे उलटे. म्हणून पिले घालण्यापूर्वी रिकाम्या पेटीवर पाहून घ्यावे. आकडा खाली असताना दिवा लागला पाहिजे. सेल्सिअस की फॅरनहाइट हेही तेव्हाच पाहावे. आणि 'फरक' म्हणून जो आकडा घालावा लागतो तो एक अंश पुरे. फार बारीक फरक ठेवला तर रिले मिनिटामिनिटाला टकटक करून लवकर झिजते.

रिलेबद्दल दोन शब्द. थर्मोस्टॅटवर १० अँपिअर असे लिहिलेले असते. २५० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम १.१ अँपिअर घेतो, तेव्हा माणूस निर्धास्त होतो. पण तारेचा बल्ब थंड असताना लागताक्षणी त्याच्या दसपट वा अधिक झटका घेतो. रोज शेकडो वेळा असे झटके बसून रिलेची टोके एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटतात आणि थर्मोस्टॅट 'बंद' म्हणत असताना दिवा मात्र चालूच राहतो. म्हणून लिहिलेल्या आकड्याच्या अर्ध्याहून जास्त भार कधी घालू नये, आणि एक मोठा दिवा लावण्याऐवजी दोन लहान लावावेत. पन्नास पिलांना दर पिलामागे दोन वॉट धरले तर शंभर वॉट होतात. थंडीच्या रात्री व कमी दाबाच्या विजेला थोडे जास्त धरावे. विजेचा दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला तर हीटरची ऊब साठ टक्क्यांवर येते, याचा पुष्कळांना पत्ता नसतो. साठ वॉटचे दोन बल्ब अशा वेळीही निभावून नेतात, आणि एक गेला तरी दुसरा राहतो. बल्ब मात्र तारेचेच हवेत, किंवा चिनीमातीचा हीटर हवा. एलईडीने पेटी उजळते, तापत नाही. तारेचे बल्ब आता दुकानांत कमी दिसतात, तेव्हा चांगले मिळाले की दोन-चार जास्त घेऊन ठेवावेत.

चौथा प्रकार दिवा मंद करणारा. हा वीज तोडत-जोडत नाही, तर गरजेनुसार दिव्याचा जोर कमीजास्त करतो. कोंबडीवाल्यांपेक्षा हा परदेशात घरी सरडे पाळणाऱ्यांच्या उपयोगाचा. इंग्लंडात स्विंडनकडे आपली पुष्कळ गोंयकार कुटुंबे राहतात. तिकडच्या प्राण्यांच्या दुकानांत बिअर्डेड ड्रॅगन नावाचा ऑस्ट्रेलियन सरडा आणि त्याची काचपेटी सर्रास मिळते. तेथील दुकानदार दिव्याला मंद करणारा थर्मोस्टॅट देतो, चिनीमातीच्या हीटरला ठोके देणारा, आणि गादीखालच्या तापपट्टीला साधा तोडणारा-जोडणारा. तारेच्या दिव्याला तोडणारा-जोडणारा लावला तर दिवा दिवसभर डोळे मिचकावतो आणि लवकर जातो, हे कारण. आपल्या पेटीला एवढ्या खर्चाची गरज नाही.

पण या सरडेवाल्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते पेटी सगळीकडे सारखी तापवत नाहीत. एका टोकाला दिवा, तेथे चाळीस अंशांच्या आसपास, आणि दुसरे टोक पंचविशीच्या आसपास गार. मध्ये उबेचा उतार. सरडा आपला आपण हवी ती जागा निवडतो. पिलांनाही हेच द्यावे. पेटी वा कड्याचे कुंपण थोडे ऐसपैस करावे, पन्नास पिलांना सव्वा ते दीड मीटर व्यासाचे पुरते, आणि ऊब मधोमध किंवा एका बाजूला ठेवावी. मग थर्मोस्टॅटचा आकडा एखाद-दोन अंशांनी चुकला तरी पिले स्वतःच जागा बदलून चूक भरून काढतात. चिंचोळ्या खोक्यात ती सोय नसते. तेथे प्रत्येक अंशाची चूक पिलाच्या अंगावर जाते.

घुंडी कोठे बांधावी हे आमच्या अनुभवावरून आता आम्ही नेमके सांगू शकतो. गादीपासून चार-पाच सेंटिमीटर उंच, म्हणजे पिलाच्या पाठीशी. दिव्याच्या अगदी खाली नको, कारण थेट उजेड पडून घुंडीच तापते आणि हवा गारच राहते. दिव्याच्या छत्रीच्या कडेशी हवी. भोवती जाळीचा लहानसा पिंजरा करून घुंडी तारेने पक्की बांधावी. पिंजरा नसेल तर पिले तिला टोचतात, किंवा एखादे पिलू तिच्यावर आरामात बसते, आणि थर्मोस्टॅट त्या पिलाच्या अंगाची ऊब मोजून बाकीच्यांचा दिवा बंद करतो. वायर पेटीला दोन ठिकाणी आवळून टाकावी. उंदरांच्या वाटेवरून नेऊ नये.

आणि यावर दुसरा पहारेकरी ठेवावा. विजेच्या सामानाच्या दुकानात बटणाएवढा कट-आउट मिळतो, ठरावीक अंशाला आपोआप वीज तोडणारा. चाळीस अंशांचा मागावा व गावातल्या वायरमनकडून हीटरच्या त्याच वायरीत, थर्मोस्टॅटच्या पुढे, पेटीच्या आत उबेच्या जागी बसवून घ्यावा. थर्मोस्टॅटची रिले चिकटली किंवा घुंडी बाहेर पडली तरी हा वीज तोडतो. आमच्या पेटीत त्या रात्री असा एक असता तर पिले वाचली असती. घरात गळती झाल्यास वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच नसेल तर तोही या निमित्ताने बसवावा. कोंबड्यांच्या पाण्याशेजारी उघडी वायर हा माणसाच्याही जिवाचा प्रश्न आहे. दिवा विजेच्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये, साखळीने टांगावा. तो तुसात पडला तर आगीला वेळ लागत नाही.

थर्मोस्टॅटवरचा आकडा खरा की खोटा ते घरच्या घरी तपासता येते. पेल्यात बर्फाचा चुरा व थोडे पाणी घालून घुंडी त्यात पाच मिनिटे बुडवावी, शून्य दिसले पाहिजे. मग ३८ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात घुंडी आणि घरातला तापाचा थर्मामीटर एकत्र धरावेत. दोन्ही जुळले तर उत्तम. अंशभर फरक असेल तर तेवढा मनात धरून आकडा लावावा.

तरीही शेवटचा शब्द पिलांचा. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर, चोची उघडून पंख सोडून बसली असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झोत येते आहे. चोहीकडे पसरून खात-पीत असतील तर आकडा काहीही दाखवो, त्याला हात लावू नये. विशेषतः तांबडा इन्फ्रारेड दिवा लावणाऱ्यांनी हे पाहावेच. तो हवेपेक्षा पिलाच्या अंगाला तापवतो, म्हणून हवा मोजणारा थर्मोस्टॅट त्याच्या बाबतीत अर्धवटच खबर देतो.

आता कासवाकडे येतो. पेडणे तालुक्यात मोरजीच्या तेंबवाड्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी माद्या वाळूत अंडी घालायला येतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती उबायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. त्यांना ना आई उबवते ना दिवा. हात-दीड हात खोल वाळू दिवसा हळू तापते, रात्री हळू निवते, आणि अंड्यांना जवळपास सारखी ऊब मिळत राहते. या उबेवर त्यांचे फार मोठे अवलंबून आहे. सुमारे २९-३० अंशांच्या वर वाळू राहिली तर पिलांत माद्या जास्त निपजतात, खाली राहिली तर नर. दोन-चार अंशांनी साऱ्या घरट्याची घडण बदलते. बांधावरच्या काळ्या कासवाचे जीवनही आपल्या ओहोळांच्या, चिखलाच्या व उन्हाच्या उबेशी असेच जुळलेले आहे. ते गोव्याच्या हवेतले कासव आहे. त्याला हीटरची गरज नाही. गरज आहे ती त्याच्या ओहोळाची.

शिवाय कायद्यानेही ते घरी ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. आपल्या देशातील कासवे पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे, मग ते प्रेमाने पाळलेले असो वा घरात लक्ष्मी येते म्हणून ठेवलेले असो. मुंबई-पुण्याकडे काही जण इग्वाना किंवा बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी पाळतात. त्यांपैकी आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जातींची सरकारदरबारी नोंद करणे आता बंधनकारक आहे, तिचे नियम २०२४ साली निघाले. आपल्या बांधावरच्या कासवाला अशी नोंदणीची वाटही नाही. वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात कळवावे आणि ते सांगतील तसे, शक्यतो जेथे मिळाले तेथेच, सोडून द्यावे. मुलाला रागावू नये. त्याने विचारले हे चांगले केले.

आरोग्याच्या बाजूनेही एक सांगायचे आहे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात व त्यांनी लहान मुलांना जोरदार हगवण व ताप येतो. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री १९७५ साली याच कारणाने बंद करण्यात आली, कारण मुले ती हाताळून तोंडात बोटे घालत. हेच जंतू कोंबडीच्या पिलांवरही असू शकतात. पेटीला हात लावला की साबणाने हात धुवावेत, पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये, आणि लहान मुलांनी पिलांचे मुके घेऊ नयेत. दिसायला कितीही गोड असली तरी.

वीज जाण्याबद्दल लिहिले नाही तर ही सारी माहिती अर्धवट राहील. वीज गेली की सर्वांत महाग थर्मोस्टॅटही मुका होतो. मोरजीच्या वाळूची युक्ती येथे उपयोगी पडते. पेटीच्या उबेच्या जागी कडेला चार-पाच चिरे किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या बाटल्या कायमच्या ठेवाव्यात. त्या दिवसभर ऊब पितात आणि वीज गेल्यावर ती सावकाश सोडतात. वीज लवकर येत नाही असे दिसले तर पिले भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात गोळा करावीत, गोणपाटात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात आणि वरून घोंगडी टाकावी. दाटीने बसली की त्यांचीही एकमेकांना ऊब होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच ठेवू नये. तिच्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही, आणि त्याने पिलांबरोबर शेजारी झोपलेली माणसेही दगावतात. त्याच कारणाने, ऊब टिकावी म्हणून गोठ्याच्या किंवा खोलीच्या सगळ्या फटी बुजवणेही बरे नव्हे. वरच्या बाजूला हवा खेळती असावी, खालच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावून झोत अडवावी.

भगिनींनी नाताळासाठी नोव्हेंबराच्या मध्याला पिले आणायची ठरवली आहेत. तर त्यांनी पेटी, तूस, दोन दिवे, थर्मोस्टॅट आणि कट-आउट असे सगळे बसवून पिले येण्यापूर्वी रिकामी पेटी पुरे चोवीस तास चालवावी. पहाटे चारला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला आकडा वहीत लिहावा. तिन्ही वेळा ३५ च्या अंशभर अलीकडे-पलीकडे राहिला तर पेटी तयार आहे. पहाटे आकडा खाली येत असेल तर दिवे कमी पडताहेत, थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही. दुपारी वर जात असेल तर छपराकडे बघावे. डिसेंबराच्या मध्याला पिले चार आठवड्यांची झाली की दिवसा दिवे बंद ठेवावेत, रात्री मात्र आणखी काही दिवस लावावेत. त्यानंतर थर्मोस्टॅट काढून, घुंडी कोरड्या फडक्याने पुसून, वायर गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावा. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला तर पुढच्या खेपेपर्यंत उंदीर वायर शिल्लक ठेवीत नाहीत.